भंडारा उचललेल्या वस्तीवर

मी फिरणारा माणूस नाय. सोलापुरात शुक्रवार पेठेत घर, घराखाली काकांचं भुसार दुकान. नववीनंतर शाळा सुटली तवापासून मी तितंच बसतो. गिऱ्हाईकाशी पण कामापुरतंच बोलतो. तरी दिवाळीच्या आधी मंगळवेढ्याच्या पलीकडं जाऊन आलो, ते मॅडममुळं.

मॅडम कॉलेजात शिकवतात आणि पोरं दारू, मावा, गोळ्या किती आणि का घेतात त्याचा अभ्यास करतात. मोठ्या माणसानं विचारलं की पोरं खोटं सांगतात, म्हणून त्यांना विचारायला पोरंच पाहिजे होती. दुकानात साबण घेता घेता त्यांनी काकांना माझ्याबद्दल विचारलं. काका म्हणले, "ह्यो? ह्यो तर तोंडच उघडत नाय." मॅडम म्हणल्या, "मग चालेल. ऐकायचंच काम आहे."

आधी शिकवलं. कुणाचं काही कुणाला सांगायचं नाय, त्याच्या आईला पण नाय. जिवाला धोका वाटला तरच, आणि ते पण त्या पोराला विचारून, मॅडमना सांगायचं. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापतात, घाम येतो, झटके येऊ शकतात, माणूस जाऊ पण शकतो, हे मला तवाच कळलं. मला वाटायचं सोडली की झालं.

पहिल्या दिवशी कुंभारी. शहराला लागूनच हाय, रिक्षा मिळते. कामगारांच्या घरांच्या ओळी, दारात बायका विड्या वळत बसलेल्या, घराघरात तेलुगू. कट्ट्यावरच्या एका पोरानं विचारलं, "पोलिसांचा हाईस का?"

"भुसार दुकानातला हाय."

"मग शेंगदाणे आण की!" सगळे हसले. हसले म्हणून बसले, आणि बसले म्हणून बोलले. काय बोलले ते हितं लिहिणार नाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूर स्टँडवरनं मंगळवेढ्याची एसटी. उजव्या बाजूला बसा, डावीकडं ऊन लागतं. कंडक्टर म्हणला, "ताईंचं अर्धं, तुझं पूर्ण," आणि मॅडमनी मला चिडवून घेतलं. मंगळवेढ्यात भाकरी, शेंगाची चटणी आणि पिठलं खाल्लं. स्वस्त आणि पोटभर. पुढं वडाप, म्हणजे माणसं भरली की सुटणारी जीप. "अजून दोघं आले की निघू," असं ड्रायव्हर पाच जण येईपर्यंत म्हणत होता. रस्ता आधी चांगला, मग डांबर संपतं. दोन्हीकडं नुकती उगवलेली ज्वारी आणि मोकळं रान. कर्नाटक जवळ, त्यामुळं जीपमधे निम्मं बोलणं कानडी. आमच्या घरात कानडीच, म्हणून मला बरं वाटलं. पाण्याची बाटली भरून घ्या, वाटेत काही मिळत नाय.

धनगरांची वस्ती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाय. वस्तीतले कारभारी, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते पांढरा पटका बांधून वाटच बघत होते. चहा झाला आणि मामा म्हणले, "मॅडम, लिवून घ्या. आमच्या वस्तीवर एक बी पोरगं पीत न्हाय."

"एकही नाही?"

"रविवारीच समद्यांनी बिरोबाचा भंडारा उचललाय. तुमी येणार म्हणून मीच उचलाय लावला की!"

म्हणजे देवाची हळद हातात घेऊन केलेली शपथ, इथनं पुढं प्यायची नाय अशी. ती हितं कुणी मोडत नाय. मॅडमनी नुसता कप खाली ठेवला. मामांना वाटलं होतं वस्तीची परीक्षा हाय आणि सगळी पास झाली पाहिजेत.

मग पोरं एकेक करून आली. सगळ्यांचं उत्तर एकच. कधीच न्हाय, कधीच न्हाय.

शेवटी आला त्याला मी म्हाळू म्हणतो. माझ्यापेक्षा थोडा मोठा. आम्ही मेंढरांच्या वाड्यामागं बाभळीखाली बसलो. त्याच्या हातातला चहा बशीत, बशीतनं मांडीवर सांडत होता. लांबनं मामा ओरडले, "थंडी वाजती का रं, नवरदेवा?" ऊन रणरणत होतं आणि त्याचा सदरा घामानं चिकटलेला.

"रात्री झोपलास का?" मी विचारलं.

"दोन रात्री न्हाय." मग मनगट पुढं केलं. "हितं मुंग्या हायत का रं?"

एक पण मुंगी नव्हती.

मी गप्प बसलो. मला ते जमतं. थोड्या वेळानं तोच म्हणला, "खोटं बोललो तर बिरोबा बघंल. खरं बोललो तर मामा बघंल."

"रविवारच्या आधीचं सांग," मी म्हणलो. "तवा शपथ नव्हती की."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग सांगितलं. ते त्याचं हाय. एवढंच लिहितो की सकाळी उठल्या उठल्या लागायची.

"एक घोट घेतला तर हात कापायचा ऱ्हाईल, म्हाईत हाय मला," तो म्हणला. "पण उचललाय नव्हं."

तवा मला भीती वाटली. तो शपथ मोडणार नव्हता. मोडू नको म्हणावं तर तो असाच बसणार, मोड म्हणायला मी कोण?

"मॅडमना सांगू का? फक्त मॅडमना."

त्यानं बशी खाली ठेवली. "आईला नगं."

"नाय सांगत."

"मग सांग."

मॅडम उठल्याच. मामांना म्हणल्या, "पोराची तब्येत बरी नाही, दवाखान्यात न्यायचंय. आत्ता." मामा म्हणले, "भंडारा उचलून आजारी कसं पडंल?" मॅडम म्हणल्या, "मामा, गाडी बोलवा." मामांनी बोलवली. पाय ओढत नाय, पळत जाऊन बोलवली, हे पण लिहिलं पाहिजे.

गाडीत मॅडम बसल्या, त्याची आई बसली, मी बसलो. मंगळवेढ्याच्या अलीकडं म्हाळूला झटका आला. डोळे वर, दात घट्ट. मॅडमनी त्याला कुशीवर केलं, आईला म्हणल्या तोंडात काही घालू नका. आई बिरोबाचं नाव घेत होती. सरकारी दवाखान्यात सुई दिली, सलाइन लावलं. डॉक्टर म्हणले, वेळेत आणलंत.

बाहेर बाकड्यावर त्याच्या आईनं मला विचारलं, "लेकरा, तुला म्हाईत हाय. पितो का त्यो?"

"मावशी, शुद्धीत आला की त्यालाच इचारा. म्या न्हाय सांगत."

तिनं माझ्याकडं लई रागानं बघितलं. मग पदरानं डोळे पुसले आणि आत गेली. दारातनं दिसलं, ती त्याच्या उशाशी बसली होती, काही विचारत नव्हती.

घरी आलो तवा आईनं कानडीत विचारलं, जेवण झालं का. मी रस्ता सांगितला, भाकरी सांगितली, वडाप सांगितलं. वस्तीचे बाकीचे सगळे 'कधीच न्हाय' मॅडमनी बाजूला ठेवले. परत जायचं, पण मामांना आधी नीट समजावून, असं त्या म्हणतात. मी जाणार हाय.

पुढच्या आठवड्यात म्हाळूचा फोन आला. आईला त्यानं स्वतःच सांगितलं. ती दोन दिवस बोलली नाय, तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर गोळ्या आणायला गेली. शपथ अजून हाय. मी त्याला विचारलं, तुझं नाव बदलून लिहू का? तो म्हणला, "लिव. पण हे बी लिव की ज्याला सोडायची हाय त्यानं आदी डॉक्टरला सांगावं. बिरोबा काय पळून जात न्हाय."