मिल्ट्रीचा म्हसोबा

फौजेतून कायमचा घरी आलो तेव्हा गावाने वेशीपासून दारापर्यंत वाजतगाजत आणलं. उघडी जीप, डोक्याला फेटा, पुढे हलगी. आमच्या आष्ट्याकडच्या गावांत घरटी एक तरी माणूस फौजेत असतो, त्यामुळे ही मिरवणूक आता लग्नासारखी ठरूनच गेली आहे. दारात बायकोने भाकरतुकडा ओवाळून टाकला, लोकांनी पेढे खाल्ले, आणि हात पुसता पुसता जो तो एकच विचारायला लागला, "मग, आता काय करनार?" माझ्या गळ्यातला हार अजून निघाला नव्हता. मी म्हणालो, "बघू की." हे 'बघू की' मी पुढे बरेच महिने पुरवून पुरवून वापरलं.

फौजेत माणूस चाळिशीच्या आसपास म्हातारा ठरतो आणि गावात येऊन पुन्हा तरुण होतो, ही त्यातली खरी पंचाईत. तिकडे आयुष्याचा हेतू वगैरे शोधायची कधी पाळीच आली नाही. उद्या काय करायचं ते आदल्या संध्याकाळी बोर्डावर लागायचं. खाली साहेबांची सही असायची, म्हणजे शंकेला जागा नाही. इथे मी पहाटे उठून, दाढी करून, बूट चमकवून अंगणात उभा राहायचो आणि बोर्ड कुठेच नसायचा.

घरात बोर्ड होता, पण तो बायकोच्या डोक्यात होता. माझ्या मागे तिने ऊस, दोन म्हशी, माझ्या आईवडिलांची शेवटची दुखणी, पोरीचं शिक्षण आणि बचत गट ही सगळी आघाडी एकटीने लढवली होती. पोरगी आता सांगलीत हॉस्टेलवर. आईवडील गेले. बाकी कारभार असा सुरळीत चालला होता की त्यात माणूस घालायला फट नव्हती. मला घरात काम हवं होतं आणि बायकोला मी घराबाहेर हवा होतो. भांडण कधी झालं नाही, पण मी या घरात सुट्टीवर आलेला पाहुणा आहे आणि सुट्टी मात्र संपत नाही, हे दोघांनाही कळत होतं. मला ते फार लागायचं.

म्हणून मी सुधारणा सुरू केल्या. पहिल्यांदा स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे एका रांगेत लावले, डावीकडून उजवीकडे. बघायला इतकं छान, की साहेब असते तर शाबासकी दिली असती. संध्याकाळी तेल तापलं, मोहरी काही सापडेना, धुराने घर भरलं. बायको खोकत म्हणाली, "आवं, हितं डब्यांची परेड न्हाई, सैपाक हाय." मग मी म्हशींकडे वळलो. धारेची वेळ अर्ध्या तासाने अलीकडे आणली, कारण मी मोकळा होतो. म्हशीने दूध चोरलं, धार सोडलीच नाही. फौजेत हे असं कुणी केलं असतं तर त्याची मी साहेबांपुढे पेशी लावली असती.

यावर चुलतभावाने तोड काढली. माधवनगरला एका बंद पडलेल्या गिरणीवर पहारेकरी हवा होता. गेलो. गणवेश होता, काठी होती, शिट्टी होती, मन सुखावलं. आत मात्र काहीही नव्हतं. यंत्रं केव्हाच विकली गेली होती, पत्रे उडाले होते, उरल्या होत्या भिंती आणि त्यावर उगवलेले पिंपळ. सीमेवर पहारा दिलेला माणूस मी, इथे कुणापासून काय राखतोय हे विचारायला गेलो तर मुकादम म्हणाला, "साहेब, चोरायला काय न्हाई, पर पहारा नको व्हय?" चोर येत नव्हते ते माझ्यामुळे की मुळातच, हे ठरवता येईना. नोकरी सोडून घरी आलो तेव्हा बायकोच्या तोंडावर आनंद दिसला नाही.

मग तिनेच साताऱ्याच्या भावाला फोन केला असावा. मेहुण्याने बोलावून घेतलं आणि एका मंगल कार्यालयात शिबिराला नेऊन बसवलं. विषय होता, जीवनाचे ध्येय कसे शोधावे. स्टेजवर कानाला माईक लावलेला तरुण इकडून तिकडे चालत बोलत होता. प्रत्येक माणूस काहीतरी हेतूने जन्माला आलेला असतो, असं तो म्हणाला. मग दिवे मालवले, डोळे मिटायला सांगितले आणि आतला आवाज ऐकायला सांगितलं. फौजीला अंधार आणि खुर्ची एकदम मिळाली की काय होतं ते शिबिरवाल्यांना माहीत नसावं. जाग आली तेव्हा शेजाऱ्याला आपलं ध्येय सांगायचं चाललं होतं. माझ्या शेजारी कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. ते जरा विचार करून म्हणाले, "माझं ध्येय म्हणाल तर गुडघे." इतकं खरं बोलणं त्या दिवसभरात दुसरं कुणी बोललं नाही. जेवणात मासवडी होती, ती उत्तम होती.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "मग, काय सांगितलं?"

"ध्येय आपलं आपल्यातच असतं म्हणाले."

"मंग साताऱ्याला कशाला गेलासा?"

त्यानंतर मी आठवडाभर ओट्यावर बसून काढला आणि अखेर फौजेतलंच औषध आठवलं. पलटणीत रिकामा जवान साहेबाच्या डोळ्यात खुपतो, आणि त्यावरचा उतारा ठरलेला असतो, गेरू-चुना. जे जे हलत नाही ते ते रंगवायचं. खाली तांबडा गेरू, वर चुन्याचा पांढरा पट्टा. झाडांचे बुंधे, रस्त्याकडेच्या विटा, पुलाचे कठडे, सगळं. का, असं कुणी विचारत नाही. मोठे साहेब यायचे असोत वा नसोत, दगड तयार हवेत.

आष्ट्याला जाऊन गेरू, चुना आणि कुंचला आणला. पहिल्या दिवशी तुळशीच्या कट्ट्याभोवतीच्या विटा झाल्या. मग नारळ, शेवगा, आंबा. मग गोठ्याचे खांब. बायको दारात उभी राहून बघत होती. "म्हशी तेवढ्या आत घेते," एवढंच म्हणाली. अंगण संपलं तसा मी बादली घेऊन रस्त्याला लागलो. वाटेतले मैलाचे दगड झाले, ओढ्यावरची मोरी झाली. आणि असं करत करत आमच्या शेताकडे वळणाऱ्या तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथे, पोचलो.

त्या तिकटीवर वळणाच्या ऐन टोकाला कमरेएवढा काळा दगड आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या लावून गाड्या कारखान्याला जातात. वळणावर अंदाज चुकला की मागची ट्रॉली या दगडाला घासते आणि चरात कलंडते. दरवर्षी एखादी तरी कलंडायचीच. म्हणून मी तो दगड जरा मन लावून रंगवला. दोन हात गेरू, वर चुन्याचा रुंद पट्टा, गाडीच्या उजेडात लांबून दिसावा असा. लांब जाऊन पाहिलं. फौज सोडल्यापासून इतकं नीट काम माझ्या हातून झालं नव्हतं.

चार-आठ दिवसांनी बघतो तर दगडाला हळदकुंकू लावलेलं, वर जास्वंदीचं फूल. मला वाटलं, पोराटोरांचा खेळ. अमावस्येला पुढ्यात दहीभाताचा निवद दिसला. मग हंगाम सुरू झाला. एक ड्रायव्हर, बीडकडचा, रस्त्याला नवीन, वळणावर आला. लांबून तांबडंपांढरं दिसलं तसा त्याने ब्रेक दाबला, ट्रॉली दगडाला घासून डुगडुगली, पण पडली नाही. तो खाली उतरला, दगडाला हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, तिकटीवर म्हसोबा जागा झालाय. माझ्या रंगाचं नेमकं जे काम होतं ते त्याने चोख केलं होतं, आणि श्रेय दुसरीकडे गेलं होतं. फौजेतही असंच व्हायचं, तेव्हा नवल वाटलं नाही.

तरी खरं सांगणं माझं कर्तव्य होतं. मी तिकटीवर गेलो. आठ-दहा बायाबापड्या होत्या, त्यात आमची थोरली चुलती. मी स्वच्छ सांगितलं की हा साधा दगड आहे, हा गेरू मी आष्ट्याहून आणला आहे, आणि मीच याला रंग दिला आहे.

चुलती शांतपणे म्हणाली, "रंग तूच दिलास, ते ठावं हाय आमाला. पर तुला बुद्धी कुणी दिली?"

मी दगडाकडे बघितलं.

"गावात एवढं फौजी येऊन बसलं, कुणाला सुचलं न्हाई. तुलाच का सुचलं? सांग की."

तो साताऱ्याचा माईकवाला तरुण दिवसभर बोलून जे पटवू शकला नाही ते चुलतीने नारळाची शेंडी उपटता उपटता पटवलं होतं. की मी काही एका हेतूने निवडला गेलोय. फक्त निवडणारा म्हसोबा होता आणि मी त्याचा रंगारी.

झालं, सगळी जबाबदारी माझ्यावर आली. रंग उडाला की दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, फौजीनेच द्यायचा. नाव पडलं मिल्ट्रीचा म्हसोबा. दर अमावस्येला लोक येतात म्हटल्यावर भोवतीचं गाजरगवत काढणं आलं. गवत काढलं तर खड्डे दिसले, ते मुरूम टाकून बुजवले. नारळाच्या करवंट्या उचलायला पहाटे जाऊ लागलो. ट्रॉल्यांची गर्दी असते तेव्हा वळणावर उभा राहून शिट्टी मारतो, एकीला थांबवतो, दुसरीला सोडतो. गिरणीवरची शिट्टी शेवटी कामाला आली. त्या हंगामात तिकटीवर एकही ट्रॉली पडली नाही. लोक म्हणाले, देव कडक आहे. मी शिट्टी खिशात घातली आणि मान डोलावली.

पलटणीतल्या एका दोस्ताचा तासगावहून फोन आला. त्याने द्राक्षबाग धरली आहे, बेदाण्याचं शेड टाकलंय, जोरात आहे. "तू काय करतोस गड्या सध्या?" त्याने विचारलं. "देवाच्या ड्यूटीवर असतो," म्हणालो. त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "घरी सगळं बरं हाय न्हवं?"

घरी सगळं बरं होतं, आणि तेच मला नवीन होतं. पहाटे बाहेर पडताना बायको चहाचा कप हातात देत होती. रात्री जेवताना तिकटीवरच्या बातम्या विचारत होती. मी डब्यांना हात लावत नव्हतो, म्हशी पुन्हा जुन्या वेळेला दूध देत होत्या. फक्त एक गोष्ट मनातून जात नव्हती. ड्रायव्हरने नारळ फोडला तो नंतर. त्याच्या आधी हळदकुंकू कुणी लावलं?

एका दुपारी ती पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. मीही चार घेतल्या आणि सहज म्हणून विचारलं. तिने मान वर केली नाही.

"मीच की."

"तू? तुला तर ठाऊक होतं मी रंगवलाय. बादली तूच धुतलीस."

"व्हय. म्हणून तर. तुमचंच गाऱ्हाणं हुतं, तुमच्याच दगडाला घातलं. दुसऱ्या देवाला त्यातलं काय कळनार?"

"कसलं गाऱ्हाणं?"

एक शेंग सोलून झाली तरी तिने दुसरी घेतली नाही. "तुमी फौजेत हुतासा तवा रोज म्हनत हुते, देवा, मानसाला घरी येऊ दे. आलासा. पर मग बघते तर आंगनात बूट घालून उभं. आलाय खरं, पर मानूस आजून पोचला न्हाई, असं वाटायचं बगा. म्हणून म्हटलं, देवा, ह्यास्नी कायतरी काम लाव. पाच नारळ बोलले."

मी शेंगा सोलत राहिलो. डोळ्यात पाणी आलं होतं आणि ते तिला दिसू नये एवढीच माझी धडपड होती. इतके महिने मी समजत होतो की घरात मला जागा नाही. आणि ती दगडापुढे उभी राहून माझ्यासाठी जागा मागत होती, तीही घराच्या बाहेर, म्हणजे घरात राहता यावं म्हणून.

पुढच्या अमावस्येला मी पहाटेच रंग दिला. ओल्या गेरूचा वास येत होता. उजाडल्यावर ती आली, पदर खोचून, पिशवीत नारळ घेऊन. नवस फेडायला आलेल्याचे नारळ आता मीच फोडून देतो, तीही माझीच ड्यूटी. एकेक फोडला, पाणी दगडावर घातलं, अर्धी अर्धी भकलं तिच्या ओटीत टाकली. ती हात जोडून उभी राहिली ती जरा जास्तच वेळ. ओठ हलत होते. नवस फिटला, आता कसलं मागणं, म्हणून मी विचारलं.

"देवाला सांगितलंय," ती म्हणाली.

"देवाचा माणूस मीच आहे. मला सांग."

तिने पिशवी उचलली. वळणावरून ट्रॉली येत होती, माझा हात शिट्टीकडे गेला होता, ते तिने पाहिलं.

"म्हटलं, देवा, दुपारचं जेवायला तरी येळंवर घरी धाड."