कंदील शार्कसाठी कणकेच्या गोळ्या

समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला, तोही काठावरून, साडी वर धरून. तरी गेल्या उन्हाळ्यात नानाखेड्याच्या आमच्या कॉलनीतल्या पोरांच्या छुट्टीच्या वर्गात खोल समुद्रातले शार्क शिकवायचं मी डोक्यात घेतलं. वाचता वाचता मीच तोंडात बोटं घातली होती. एका शार्कचा जबडा काडेपेटीच्या खणासारखा पुढे सरकतो! आणि कंदील शार्क तर जेमतेम वीतभर, पण पोटाला स्वतःचा उजेड. अहो, जिथे सूर्य पोचत नाही तिथे हा आपला दिवा घेऊन हिंडतो! दोन दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

काडेपेट्यांचे जबडे झाले, त्या जबड्यांत एकमेकांची नाकं पकडून झाली. शेवटच्या दिवशी मी माझ्या घरच्या आतल्या खोलीच्या खिडक्यांना, दाराला चादरी लावून काळोख केला. फ्रीगंजच्या बाजारातून आणलेल्या रेडियमच्या कागदाचा कंदील शार्क कापून आत टांगला. एकेकाने जायचं आणि त्याला शोधून यायचं.

सगळी जाऊन आली. राहिली एक साडेपाच वर्षांची मुलगी. ही आईची ओढणी सोडायची नाही. महिनाभर आई तिच्या शेजारी मांडी घालून बसलेली. जूनमध्ये पहिलीत जायचं, तिथे आईला कोण बसू देणार? आई बिचारी रडकुंडीला आली होती. त्यात मी मुळातच तापट. "अगं बाई, कागदाचा आहे तो! खातोय का तुला?" म्हणून खेकसले. पोरीने ओढणीत तोंड खुपसलं. माझं मलाच वाईट वाटलं.

थोड्या वेळाने ओढणीतूनच आवाज आला, "काकू, वो खाता क्या है?"

"मिळेल ते. तिथे फारसं काही मिळत नाही."

"राम घाटावर आजोबा आणि मी नदीतल्या मासळ्यांना कणकेच्या गोळ्या टाकतो. याला कोण टाकतं?"

"कोणी नाही गं. इतक्या खोल कोण जाणार?"

ती उठली ती थेट माझ्या स्वयंपाकघरात. रात्रीच्या पोळ्यांची कणीक झाकून ठेवली होती, तिच्यातला लचका तोडला आणि सराईतासारख्या बारीक बारीक गोळ्या वळल्या. मूठ भरून दाराशी आली. सवयीने आईही मागोमाग उठली.

"आई, तू इथेच थांब. इतके लोक बघून तो घाबरेल."

चादर बाजूला झाली, पुन्हा पडली. आई माझा हात घट्ट धरून उभी. आम्ही दोघी चादरीला कान लावून ऐकत होतो. आतून अगदी हळू आवाज आला.

"ले, खा ले. डरू नको. मी आहे ना."