दुष्काळात फोफावलेला अळू

माझ्या हाताला गुण आहे, असं मी एके काळी गल्लीभर सांगत सुटले होते. त्या गुणापायी एका भल्या बाईला चोर ठरवून बसले.

बहात्तरचा दुष्काळ. नेवाशाला आमच्या अंगणात सिमेंटची टाकी होती. नळाला कधीमधी सकाळी पाणी यायचं, ते टाकीत साठायचं आणि जमिनीखालच्या पाइपातून स्वयंपाकघरात जायचं. शेजारच्या आक्कांचा आड आटलेला. त्यांना टाकीच्या तोटीवरून दोन हंडे न्यायची मुभा सासूबाईंनी दिलेली.

त्या उन्हाळ्यात तुळससुद्धा वाळली, पण भिंतीकडेचा माझा अळू हत्तीच्या कानाएवढा! सांडपाण्याचा थेंब न् थेंब आम्ही शेळीला पाजत होतो. मग अळू पितो काय, एवढा साधा प्रश्न पडायला अक्कल लागते. मी मात्र वड्या करून वाटत होते. आक्कांना तर दोनदा दिल्या.

आणि टाकी दुपारीच तळाला जायला लागली. घरात नवी सून मी, त्यात धुवायला केस गुडघ्यापर्यंत. सासूबाई माझ्या वेणीकडे बघायला लागल्या तशी मी घाईनं म्हटलं, "आक्का दोनाचे चार हंडे नेत असतील."

तोटीला कुलूप लागलं. आक्का नदीतल्या झऱ्यावर जायला लागल्या, भर उन्हात.

कुलूप लावूनही पाणी कमीच! मग सासूबाईंनी घरातल्या सगळ्या तोट्या बंद केल्या, टाकीच्या आत पाण्यालगत कोळशानं रेघ ओढली आणि मला समोर तांदूळ निवडायला बसवलं. "जागची हलू नगंस." सूप रिकामं होईस्तोवर पाणी रेघेखाली चार बोटं उतरलं होतं.

त्यांनी अंगणभर नजर फिरवली. सगळं करपलेलं, हिरवं म्हणून एकच.

"बघू तरी तुझ्या हाताचा गुण," म्हणत त्यांनी अळूच्या बुडात कुदळ घातली. हातभर खाली पाइपाचा सांधा गळत होता आणि मुळं त्याला वासरासारखी लुचत होती.

कुलपाची किल्ली मुठीत घेऊन मी आक्कांच्या दारात उभी राहिले. सगळं सांगितलं, मान खाली घालून. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

"आगं, पानी चोरलं अळूनं, आन् त्यो अळू खाल्ला म्या. म्हंजी चोर मीच की गं! दे ती किल्ली हिकडं."