गोब्र्याला चारणारा हात

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतेय. खरं सांगायचं तर बरेचसे वाचून हसू येतं. मी शाळेत गणित शिकवलं. आमच्या बेळगावच्या घरात वडिलांनी भूत, करणी, बाहेरचं वगैरे शब्दसुद्धा उच्चारू दिले नाहीत, आणि लग्नानंतर मिळालेला नवरा तर मेकॅनिकल इंजिनिअर... तेव्हा मी पुढे जे लिहिणार आहे ते दुसऱ्या कुणी लिहिलं असतं, तर मीच पहिली शंका काढली असती. पण हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. डोळ्यांदेखत म्हणण्यापेक्षा, माझ्या हातात झालं.

साठच्या दशकाची सुरुवात. बंगलोरला जयनगरमध्ये आमचं भाड्याचं घर होतं. तेव्हा जयनगर म्हणजे आखलेले सरळ रस्ते आणि त्यांच्या कडेला निम्मे रिकामे प्लॉट. घरात आम्ही तिघंच – हे, मी आणि सासूबाई. हे एका सरकारी कारखान्यात होते. मूळचे कारवारचे. बंगलोरची हवा, नोकरी, सगळं त्यांना आवडायचं, फक्त समुद्र नाही ही एक खंत. मग त्यांनी समुद्रच घरी आणला.

म्हणजे काय, तर हॉलमध्ये मोठी काचेची टाकी बांधली. लोखंडी चौकट मिठाने खाल्ली, म्हणून सागवानी केली, फटी डांबराने बुजवल्या. हवा सोडायला छोटी मोटर स्वतः जोडली. पाणी मात्र खरं समुद्राचं. कारवारहून काचेच्या मोठ्या बुधल्यांतून हुबळीला आणि तिथून रेल्वेने बंगलोरच्या यशवंतपूर स्टेशनला यायचं. त्या टाकीत एका खेपेला कारवारच्या मित्राने गोब्र्याचं, म्हणजे खडकाच्या कपारीत राहणाऱ्या खादाड समुद्री माशाचं, पिल्लू पाठवलं. हाताच्या वितीएवढं, तपकिरी, अंगावर ठिपके, आणि तोंड मात्र त्या देहाला न शोभणारं मोठं. टाकीत आधी सोडलेले छोटे मासे त्याने आठवड्याभरात संपवले. मग टाकीत तो एकटाच.

तुम्ही पाळीव मासा म्हणजे रंगीत, शोभेचा असा काहीतरी डोळ्यांसमोर आणत असाल, तर तसा हा नव्हता. हा दगडाच्या कपारीत बसून आपल्याकडे बघायचा. डोळा फिरवून बघायचा. मी केर काढत हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला गेले की तो डोळा माझ्याबरोबर यायचा.

ह्यांची पहिली पाळी संपली की हे दुपारी चारच्या सुमाराला घरी येत. बूट काढून, साबण न लावता हात धुवायचे – साबणाने पाणी बिघडतं म्हणून – आणि बोटातल्या अंगठीने काचेवर वाजवायचे. टक... टक-टक. आधी एक, मग जरा थांबून दोन. की गोब्रा कपारीतून निघून उजव्या कोपऱ्यात वर यायचा, जबडा उघडायचा आणि ह्यांच्या बोटांतून कोळंबीचा तुकडा खेचून घ्यायचा. तुकडा मोठा असला तर मान झटकून फाडायचा. मला ते बघवायचं नाही. सासूबाई मात्र कौतुकाने स्टूल घेऊन बसायच्या.

पावसाळ्यात घाटातून पाणी आणणं अवघड, म्हणून त्याआधी एकदा भरपूर पाणी आणायला हे स्वतः कारवारला गेले. "फार तर आठवडाभर," म्हणाले. "तेवढे दिवस त्याला तू घाल. अगदी तसंच घाल. नाहीतर रुसेल."

रुसलाच. मी माझ्या बांगडीने काच वाजवली, तुकडा पाण्यात धरला. तो वर आला, बघितलं आणि मागे फिरला. तुकडा सोडून दिला तरी तोंडात घेऊन बाहेर थुंकायचा. रोज हेच. आठवडा संपत आला तसं त्याचं पोट आत गेलेलं दिसायला लागलं. ह्यांचा पत्ता नाही. पाण्यासाठी थांबले असतील, अशी मी मनाची समजूत घालत होते.

एका दुपारी मी स्वयंपाकघरात भाजी चिरत होते. हॉलमधून आवाज आला. टक... टक-टक.

मी विळी सोडून धावले. दार आतून बंद. बूट नाहीत, बॅग नाही. टाकीचं लाकडी झाकण मी सकाळी लावलं होतं, ते अर्धं सरकलेलं. गोब्रा उजव्या कोपऱ्यात वर होता. त्याचा घसा हलत होता, गिळताना हलतो तसा. बाजूला वाटीत कोळंबीचे तुकडे ठेवले होते, वाटी रिकामी.

"मांजर शिरलं असेल," सासूबाई म्हणाल्या. मीही म्हटलं, असेल. मांजर काच कशी वाजवेल, हे दोघींनीही बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी त्याच सुमाराला शेजारच्या सरोजक्का आमच्याकडे बसल्या होत्या. त्यांचे यजमान बँकेत होते आणि त्यांच्या घरी फोन होता. मी त्यांना सांगत होते की हे अजून आले नाहीत, काय करावं... आणि आवाज आला. सरोजक्का दाराकडे बघून सहज म्हणाल्या, "यारो बंद्रु." कुणीतरी आलं वाटतं. मग त्यांनी माझा चेहरा बघितला.

आम्ही तिघी टाकीपासून चार हातांवर उभ्या होतो. मासा वर आला. कोपऱ्यात पाण्याला खळगा पडला, बोटं बुडवल्यावर पडतो तसा. त्या खळग्यात माशाने तोंड घातलं, मान झटकली आणि मागे सरला. खळगा भरून आला. थोड्या वेळाने पुन्हा पडला. आमच्यापैकी कुणीही हललं नाही. सगळं थांबल्यावर सरोजक्कांनी माझा दंड धरला.

"इवत्ते तार करा," त्या म्हणाल्या. "आजच्या आज. मी यजमानांना सांगते."

तार गेली. कारवारच्या मित्राचं उत्तर आलं – पाणी मागाहून ट्रकने पाठवतो, वसंत केव्हाच बसने हुबळीला निघाला.

केव्हाच निघाला. मग हे गेले कुठे?

ती तार वाचून सासूबाई रडल्या नाहीत. मी त्यांना धरायला पुढे झाले, तर मला बाजूला करून स्वयंपाकघरात गेल्या आणि कोळंबी सोलायला बसल्या. म्हणाल्या, "उद्या तुकडे मी करीन. तुझे फार मोठे होतात."

मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्यानंतरच्या दिवसांत, आणि ती त्या आवाजाची नव्हती. सासूबाई दुपारी वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून टाकीपाशी स्टुलावर बसायच्या. टक... टक-टक झालं की त्यांचा चेहरा उजळायचा. रिकाम्या जागेकडे बघून बोलायच्या. "दमलास का रे? आज उशीर झाला. चहा टाकू?" आणि मान वर करून उत्तराची वाट बघायच्या. मी स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभी असायचे. मला माहीत होतं त्या काय धरून चालल्या आहेत. मुलगा गेला आणि तरी रोज घरी येतो, एवढं त्यांना पुरत होतं. मला पुरत नव्हतं. माझं कुंकू मी रोज सकाळी लावत होते आणि आरशात बघायचं टाळत होते.

एकदा मी म्हटलं, "आई, तो मासा देऊन टाकू आपण कुणालातरी."

त्या माझ्याकडे वळल्या. शांतपणे म्हणाल्या, "मग तो कशासाठी येईल?"



त्यानंतर एक-दोन दिवसांतच ते घडलं. उजेड स्वच्छ होता, बाहेर रस्त्यावर फुलवाली ओरडत चालली होती. आवाज आला, पण नेहमीसारखा नाही. टक... आणि मग बऱ्याच वेळाने एक घासल्यासारखा आवाज. काचेवरून अंगठी घसरावी तसा. मासा वर आला. त्याने तोंड घातलं आणि मागे सरलाच नाही. त्याने काहीतरी धरलं होतं. मान झटकत होता, पुन्हा पुन्हा, मोठा तुकडा फाडताना झटकतो तशी. पाणी उसळून फरशीवर सांडायला लागलं. आणि कोपऱ्यातून पाण्यात एक तांबडा दोरा उतरला. बारीक. खाली जाता जाता विरत गेला. वाटीतली कोळंबी तशीच होती.

"सोड त्याला," सासूबाई ओरडल्या. "मेल्या, सोड."

मी कशी पुढे गेले ते आठवत नाही. झाकण ढकललं आणि बांगड्यांसकट हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. माशाला हाणायचं एवढंच मनात होतं. तो सुळकन निसटला. आणि माझ्या हाताला बोटं लागली.

माणसाची बोटं. पाण्यात काही दिसत नव्हतं. मी माझाच हात बघत होते, मूठ अर्धवट वळलेली आणि आत काही नाही. पण हाताला लागत होतं. तळव्यावरचे घट्टे, अंगठीची कड, सगळं. ती बोटं आधी मेल्यासारखी सैल होती. मग त्यांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली. मी ओढायला लागले. पलीकडे वजन होतं... पूर्ण माणसाचं वजन. मी पाय टाकीच्या चौकटीला लावून ओढलं, आणि एकदम सगळं सुटून मी मागे फरशीवर आपटले.

सासूबाईंनी मला उठवलं. मनगटावर बोटांचे वळ होते, त्यांनीही पाहिले. आणि हाताला वास येत होता. समुद्राच्या पाण्याचा यायला हवा होता, पण वास फिनेलचा होता. आमच्या घरात फिनेल नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरोजक्का धावत आल्या. त्यांच्याकडे ट्रंक कॉल आला होता, हुबळीच्या इस्पितळातून. कारवारहून येताना बसमध्ये ह्यांना ताप चढला आणि शुद्ध गेली. लोकांनी इस्पितळात नेलं. खिशात नाव-पत्ता काही नव्हतं. इतके दिवस बेशुद्ध होते. काल दुपारी शुद्धीवर आले आणि शेजारच्या फोनचा नंबर सांगितला.

मी यशवंतपूरहून गाडीने गेले, सरोजक्कांचे यजमान सोबतीला आले. हे कॉटवर होते, गालफडं बसलेली. वॉर्डात फिनेलचा वास कोंडला होता. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. मी नर्सबाईंना विचारलं, हे काय. त्या जरा ओशाळल्या. "शुद्धीवर आले त्या दुपारीच दिसलं. उंदीर चावला असेल म्हणून इंजेक्शन दिलंय." पट्टी बदलताना मी बघितलं. बारीक बारीक टोचे, अर्ध्या गोलात, वर एक ओळ आणि खाली एक.

"काही आठवतं का?" मी ह्यांना विचारलं.

"गढूळ पाणी," हे म्हणाले. "वर येता येत नव्हतं. बाकी काही नाही." मग माझ्या मनगटाकडे बघून म्हणाले, "हे काय झालं?"

मी घरी आल्यावर सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाले की तापात माणसाचं मन कुठे कुठे जातं, तुम्हालाही काळजीने भास झाले असतील. पण माशाला त्यांनी पुन्हा हाताने घातलं नाही. चिमट्याने मी घालायचे. आता तो माझ्याकडून खात होता. आवाज थांबला होता. मला वाटलं, सुटलो.

आता शेवटचं. ह्यांना घरी येऊन बरेच दिवस झाले होते, कारखान्यात जायला लागले होते. रविवार होता. आम्ही दोघं हॉलमध्ये चहा घेत होतो. हे माझ्या समोर वेताच्या खुर्चीत, दोन्ही हात कपाभोवती. माझं लक्ष त्यांच्या हातांकडेच होतं, कारण बोट बरं झालंय का ते मी बघत होते.

टक... टक-टक.

ह्यांचे हात कपावरच होते.

सासूबाई पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून हसत बाहेर आल्या. "आलास का रे?" म्हणाल्या आणि त्यांची नजर खुर्चीत बसलेल्या मुलावर गेली. त्यांचं हसू कसं मावळलं ते मी अजून विसरले नाही. त्या त्याच्याकडे बघत होत्या, मग टाकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिकडे गोब्रा कोपऱ्यात वर आला होता आणि जबडा उघडून थांबला होता. पाण्याला खळगा पडला.

"हा मी नव्हे," हे हळूच म्हणाले. जणू आम्हाला ते सांगायची गरज होती.

दुसऱ्याच दिवशी ह्यांनी रजा टाकली. आम्ही दोघांनी तो मासा झाकणाच्या डब्यातून कारवारला नेऊन समुद्रात सोडला. परत आल्यावर टाकी मोडली. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या, पण मुलगा कामावरून आला की त्या आधी त्याच्या चेहऱ्याला हात लावून बघायच्या, मगच बोलायच्या.

आता हेही नाहीत. मी हे कुणाला सांगितलं की लोक विचारतात, तुम्ही पाण्यात नक्की कुणाचा हात धरला होता? ते मी सांगू शकते. ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याचा हात मी ओळखते. तो त्यांचाच होता.

पण त्या रविवारी चहाच्या वेळी कोण आलं होतं, ते मला माहीत नाही. आणि हे हुबळीला बेशुद्ध असताना, मी हात धरला त्या दुपारच्या आधी, रोज कोण येत होतं... त्याचाही मी विचार करत नाही.