पुरवण्यांवरचं शेवटचं प्रकरण

माझी वहिनी भूगोल शिकवते आणि तिची शाळा घरापासून दोन तासांवर. जायला दोन बस, यायला दोन बस. या चार तासांत माणसं पेंगतात, नाहीतर शेजारच्या बाईची सून कशी वागते ते ऐकतात. वहिनी लिहिते. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा, हातात निळं पेन. बस वळली की तिची ओळही वळते. मी शिवणकाम करते, वाकडी शिवण ओळखायची मला सवय आहे, म्हणून तिचं अक्षर मला लागतं.

कागद म्हणाल तर परीक्षेत उरलेल्या कोऱ्या पुरवण्या. शाळा त्या रद्दीत घालायची, ही मागून आणायची. त्यामुळे तिची कादंबरी दिसायला थेट मुलांच्या उत्तरपत्रिकांसारखी, कोपऱ्यात भोक आणि भोकात दोरा. मी दहादा म्हटलं असेल, "अगं, वही घे की एखादी!" तर म्हणे, "वही उघडली की आपण लेखिका झाल्यासारखं वाटतं आणि मग एक शब्द सुचत नाही." कप्पाळ माझं!

मी तिला लेखिकाबाई म्हणायची, ती मला टेलरबाई. दादा, म्हणजे माझा भाऊ, मनाने वाईट नाही, पण बायकोची ओढाताण त्याला बघवत नसे. "शाळा, प्रवास, घर आणि वर हे लिखाण. यातलं काहीतरी एक सोड, जीव जाईल तुझा." मीही मान डोलवायची. वहिनी नुसती हसून भाजी चिरायला घ्यायची. अशी नऊ वर्षं गेली.

मग एका प्रकाशकाने दहा प्रकरणं वाचून कळवलं की आवडलंय, शेवटचं प्रकरण शुक्रवारपर्यंत द्या, नाहीतर यंदा जमणार नाही. ते लिहून तयारच होतं. नक्कल मात्र नव्हती. नेमके त्याच आठवड्यात दुसऱ्या शाळांचे पेपर तपासायला घरी आले होते.

सोमवारी संध्याकाळी ती माझ्या मशीनसमोर येऊन उभी राहिली. चेहरा पांढराफटक.

"टेलरबाई, घात झाला. एका मुलीच्या पेपराचा दोरा सुटला होता, तो मी बांधला. त्यात माझं शेवटचं प्रकरण बांधलं गेलं."

"मग सोड आणि काढ."

"गठ्ठा गेला गं! सील होऊन नियामकांकडे गेला."

नियामक म्हणजे तपासलेल्या पेपरांवरून पुन्हा नजर फिरवणारे साहेब. ते बसायचे तीन तासांवरच्या गावी. मी सहज म्हणून टाकलं, "परत लिही. तुझंच तर आहे." ती दोन दिवस वेळ मिळेल तेव्हा लिहायला बसली. बुधवारी तिने पेन खाली ठेवलं. "सगळं आठवतंय, पण आठवून लिहिलेलं मेलेलं वाटतं," म्हणाली आणि रडली. नऊ वर्षांत मी तिला लिखाणापायी रडताना पाहिलं नव्हतं.

गुरुवारी तिने रजा टाकली, मी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघी निघालो.

मोठ्या खोलीत टेबलंच टेबलं, त्यांवर गठ्ठे. जाड भिंगांचे साहेब आम्हाला बघून म्हणाले, "तुम्हीच का त्या?" त्यांनी खणातून पुरवण्या काढल्या. "मुलीचे गुण बरोबर आहेत, तिचं नुकसान झालेलं नाही. पण बाई, हा शुद्ध हलगर्जीपणा आहे."

"चूक माझीच आहे, साहेब."

मी कागद उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी त्यावर पंजा ठेवला. "थांबा. मी हे दोनदा वाचलंय. चांगलं आहे, पण शेवट फसलाय. जन्मभर डोंगर मोजत फिरलेली बाई शेवटी घरी येऊन दूध तापवते? मग एवढं फिरवलंत कशाला तिला? ही तर तिची हार झाली."

मी वहिनीला कोपराने ढोसलं. म्हटलं, हो म्हण आणि चल. पण ती खुर्ची ओढून, कुणी बसा म्हणायच्या आत, बसली.

"हार? साहेब, मी सोळा वर्षं रोज जाते आणि रोज परत येते. वर्गात शिकवते ते बसमध्ये डोक्यात घोळतं. बसमध्ये लिहिते ते भाजी चिरताना दुरुस्त होतं. घरात जे कानावर पडतं ते दुसऱ्या दिवशी वर्गात उदाहरण म्हणून येतं. यातलं एक काढलं तर बाकीचंही कोसळेल. ती बाई दूध तापवते तेव्हा तिचं डोंगर मोजणं संपलेलं नसतं. मोजलेल्याचा अर्थ ती आत्ता कुठे लावायला बसलीय."

तिचा आवाज इतका चढला होता की शेजारच्या टेबलांवरची पेनं थांबली. आणि मी? नऊ वर्षं दादाच्या बोलण्यावर मान डोलवणारी मी, तिच्या शेजारी उभी राहून मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारत होते.

साहेब शांतपणे म्हणाले, "मग हे इथे का नाही लिहिलंत?"

वहिनीने पुरवण्या पुढ्यात ओढल्या. म्हणाली, "पेन आहे?"

त्यांच्याजवळ लालच होतं. तिने शेवटच्या पुरवणीवर दीड पान लिहिलं, न थांबता, न खोडता. टेबल हलत नव्हतं, त्यामुळे अक्षर असं सुरेख आलं की मीच ओळखलं नसतं. साहेबांनी ते उभ्याने वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. "वरती काही कळवत नाही मी," एवढंच म्हणाले आणि कागद स्वतः नीट बांधून दिले. आमची बस चुकली. पुढच्या बसला दीड तास होता आणि तेवढा वेळ आम्ही दोघी स्टँडवर वेड्यासारख्या हसत होतो.

शुक्रवारी दुपारी वहिनीने प्रकरण स्वतः प्रकाशकाच्या हातात दिलं. तीन आठवड्यांनी त्यांचं पत्र आलं, पुस्तक काढतोय म्हणून.

पुस्तक घरी आलं त्या दिवशी दादाने थेट शेवटचं प्रकरण उघडलं आणि आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला लागला. दूध तापवण्याच्या ओळीपर्यंत आला, पुढचं दीड पान सुरू झालं आणि 'यातलं एक काढलं तर' इथे तो थांबला. बायकोकडे बघायचं टाळत त्याने पुस्तक माझ्यापुढे केलं. "तू वाच," म्हणाला.

मी वाचलं. शेवटच्या शब्दापर्यंत, खणखणीत आवाजात.