शिवणकाकूंचा वगळलेला आकडा

"शिवणकाकूंच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणे! कॉलेजातल्या तपासणीत नापास झाल्या. सरांनी नावच काढून टाकलं."

ही कुजबुज आमच्या गल्लीतल्या इस्त्रीच्या दुकानातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत तिला शिंगं फुटली. चहाडी मला चहाहून प्रिय. पण ही घशाखाली उतरेना.

अहो, तपासणी कसली! मानसशास्त्राच्या सरांचा प्रयोग होता तो. हातकाम करणाऱ्या बायकांचा हात इतरांपेक्षा चटकन हलतो, हे त्यांचं गृहीतक. हिरवा दिवा लागला की बटण दाबायचं, लाल लागला की नाही. काकूंचा जन्म शिवणयंत्रावर गेलेला. पक्कं झाल्याशिवाय कात्री लावायची नाही, ही हाडात मुरलेली सवय. त्या दिव्याकडेही कापडाकडे बघावं तशा निरखून बघत बसल्या. चूक एक नाही. पण वेळ एवढा, की तेवढ्यात बाकीच्या बायका घरी जाऊन भांडी घासून आल्या असत्या!

कॉलेजच्या फलकावर निकाल लागला, खाली बारीक अक्षरात: 'एक सहभागी वगळली.' ती कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. सगळ्यांत शेवटी बाहेर आलेल्या काकूच.

कुजबुजीच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या लग्नघरातून नवरीची आई शिवायला टाकलेलं कापड परत न्यायला आली. "नंतर बघू हं," म्हणाली. पाठोपाठ आणखी दोघी. हातातलं काम असं पळताना बघून काकूंनी कात्री आपटली.

"भाऊजी, चला साक्षीला!" मला म्हणाल्या.

सरांच्या खोलीत खुर्च्यांवरही कागदांचे गठ्ठे. आम्ही उभेच.

"काकू, तुमचा आकडा फार टोकाचा होता," सर म्हणाले. "सगळी सरासरी ओढली जात होती."

"का? मी झोपले होते? यंत्र बिघडलं होतं?"

"नाही, तसं काही..."

"बाही घट्ट झाली तर मी शिवण उसवते. गिऱ्हाइकाचा दंड नाही कापत!"

मला राहवेना. "सर, उत्तर जुळेना की शाळेतली पोरं अशीच एखादा आकडा गिळतात. मास्तर कान पिळतात त्यांचे."

सर लालबुंद. "मग काय करू?"

"गल्लीत या आणि तोंडानं सांगा," काकू म्हणाल्या. "माझी चूल शिवणयंत्रावर पेटते."

सर आले, हे खरं. इस्त्रीच्या दुकानापुढे उभे राहिले. गर्दीत नवरीची आईही होती.

"काकूंचं डोकं ठणठणीत आहे," ते म्हणाले. "त्यांचा आकडा धरला तर माझं गृहीतक टिकत नव्हतं. म्हणून मी तो वगळला."