दुसरी चावी

जुन्या गाडीची एकच चावी उरली होती, म्हणून पनवेलच्या बाजारात साधी नक्कल करून घेतली. तिने दार उघडलं, पण इंजिन सुरू होईना. मी हुशार माणूस, जुनी चावी लावून न बघताच थेट नवी बॅटरी बसवली. तरी गाडी ढिम्म!

शेवटी एसटी स्टँडजवळच्या चावीवाल्याला घरी आणलं. तो हसतच सुटला.

"काका, चावीत चिप लागते. चिप नाय, तर गाडी तुमाला वलखनार नाय."

"इथे मला ओळखतं कोण? मग गाडीने तरी अपवाद कशाला करावा?" मी म्हणालो.

त्याने यंत्र जोडलं, नव्या चिपवाल्या चावीची गाडीशी ओळख करून दिली. मी लगेच जुनी आणि नवी, दोन्ही चाव्या एकाच कड्यात अडकवल्या.

"अवो, हरवल्या तर दोनी एकदम जातील! एक काकूंकडं द्या."

काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगी परदेशात. शेजारी मला दारावरच्या पाट्यांपुरते ठाऊक. मी एक चावी कड्यातून काढली. मग त्यालाच विचारलं, "तुमच्याकडे राहील का?"

त्याने ती खिशात टाकली. "ऱ्हाऊ दे. पन येऊन बगत जा, हाय का नाय ते."

मी दर आठवड्याला बघायला जातो. ती वापरायची गरज अजून एकदाही पडलेली नाही.